‘पेल्यातले तीर्थ’
† येथे लेखक चर्चमधील द्राक्षारसाला ‘तीर्थ’ म्हणतात. मुकुंदराज-दासोपंतांच्या अंबाजोगाईत वाढलेल्या माणसाला ते सुचणे साहजिकच. पण तीर्थ पूजा आटोपल्यावर मिळते, प्रभुभोजनात मात्र भाकर आणि पेला हाच उपासनेचा गाभा असतो. अटक झाली त्याच रात्री, शेवटच्या भोजनात येशूने पेला शिष्यांपुढे केला आणि ते आपले कराराचे रक्त असल्याचे सांगितले. पुढचे सगळे वाद या एका विधानावरचे. कॅथलिक श्रद्धेनुसार मिस्सेत द्राक्षारसाचे ख्रिस्ताच्या रक्तात खरोखर परिवर्तन होते, रंग-चव तेवढी तशीच राहते. ट्रेंटच्या धर्मसभेने १५५१ मध्ये हे निःसंदिग्ध मांडले. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ इतके पुढे जात नाहीत. कोणी ख्रिस्ताचे आत्मिक सान्निध्य मानतो, कोणी निव्वळ स्मरण. गंमत अशी, की सर्वसामान्यांच्या ओठी पेला लावला तो यांनीच. फादर स्टीफन्स गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ रचत होते तेव्हा कॅथलिक भाविकाला केवळ भाकर मिळे, पेला धर्मगुरूपुरता. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांच्या प्रॉटेस्टंट परंपरेत दोन्ही सर्वांसाठी. मेथडिस्टांसारख्या मद्यविरोधी पंथांत तर न आंबवलेला द्राक्षरसच वापरतात. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेही धर्मविधीच्या द्राक्षारसाला वाट ठेवली होती. पण अंबाजोगाई, म्हणजे तेव्हाचे मोमिनाबाद, हैदराबाद राज्यात असल्याने लेखकाच्या बालपणी तो कायदा तेथे लागूच नव्हता. — संपा.