पुण्याच्या खड्ड्यांनी निवडलेली सायकल

सायकल किती टिकाऊ आहे, हे ती विकणाऱ्यापेक्षा भाड्याने देणाऱ्याला जास्त कळते. विकणाऱ्याच्या नजरेसमोरून ती एकदाच जाते. भाड्याने देणाऱ्याकडे ती रोज संध्याकाळी परत येते. दिवसभरात तिच्यावर कोणी तिघांना बसवले, कोणी ती नदीपात्रातून नेली, कोणी फरशीच्या कडेवर आपटली, हे सगळे चाकात वाचता येते. शनिवार पेठेत माझ्या वडिलांचे, आमच्या अण्णांचे, असे भाड्याच्या सायकलींचे दुकान होते. दुरुस्तीही तिथेच चाले. स्पोकला चिमटीत धरून ताण ओळखणे, चाकाचा आऊट काढणे, छर्रे रॉकेलमध्ये धुणे हे मी त्या दुकानात शिकले. शाळेत शिकलेले बरेचसे विसरले. हे विसरले नाही.

म्हणून असेल, आमच्या भागातली कॉलेजात जाणारी, नव्याने नोकरीला लागलेली मुले-मुली माझ्याकडे येऊन विचारतात, "काकू, रोज चालवायला फिक्सी घ्यायची आहे. इथल्या रस्त्यांवर टिकेल अशी कोणती घेऊ?" फिक्सी म्हणजे मागची दातेरी चकती चाकाला पक्की बसवलेली सायकल. चाक फिरत असेल तोवर पायडल फिरतच राहणार. उतारावरही पाय थांबवता येत नाहीत. गिअर नाहीत, पाय थांबले तरी चाक फिरू देणारे फ्रीव्हीलही नाही. मुलांना ती नवी गोष्ट वाटते. पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर या शहराने फार पूर्वी, मोठ्या कष्टाने मिळवून ठेवले आहे.

आरंभी सगळ्याच सायकली फिक्स होत्या. जॉन केम्प स्टार्लीने १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये 'रोव्हर' बनवली. सारख्या आकाराची दोन चाके आणि मागचे चाक चेनने फिरवायचे, ही आजच्या सायकलची घडण तिथून रुळली. तीन वर्षांनी डनलॉपने हवेचा टायर आणला. या सायकली आपल्याकडे यायला वेळ लागला नाही. बेळगावात रामुअण्णा किर्लोस्कर सायकली विकत आणि लोकांना त्या चालवायलाही शिकवत. धाकटे भाऊ लक्ष्मणराव मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत असताना तिथून सायकली पाठवत. नांगर आणि इंजिने बनवणाऱ्या या घराण्याच्या उद्योगाची सुरुवात सायकलच्या दुकानातून झाली, याचा मला अभिमान वाटतो. फ्रीव्हीलचा प्रसार झाला तो एकोणिसावे शतक सरता सरता. तोवर उतार लागला की स्वार पाय पायडलवरून उचलून पुढच्या चिमट्यावरच्या छोट्या टेकूंवर ठेवत, आणि खाली पायडल आपले गरगर फिरत राहत. फ्रीव्हील आल्यावर रोजच्या वापरातून फिक्स चाक मागे पडत गेले आणि मुख्यतः शर्यतीच्या बंदिस्त धावपट्टीवर उरले.

आपल्याकडे रुजली ती काळी, उंच, एका गिअरची इंग्रजी सायकल. रॅले, बीएसए, हर्क्युलिस, फिलिप्स, हंबर ही नावे आमच्या घरात नातेवाइकांच्या नावांइतक्या सहज घेतली जात. तिची घडण नीट बघा. अठ्ठावीस इंची चाक, दीड इंच रुंद टायर. मोठे चाक लहान खड्ड्यात पूर्ण उतरत नाही, त्यावरून निघून जाते. पुढचा चिमटा चांगला पुढे कललेला, दोन चाकांत अंतर भरपूर, त्यामुळे धक्का थेट मनगटात येत नाही. पुढच्या चाकाला ३२ स्पोक, मागच्याला ४०, कारण स्वार आणि कॅरिअरवरचे पोते या दोघांचा भार मागे. ब्रेकला वायर नाही. सळयांच्या ओढीने रबर रिमला आतल्या बाजूने वर चिकटते. पावसात तो ब्रेक दमतो हे खरे, पण सळई वायरसारखी आतल्या आत गंजून ऐन वेळी तुटत नाही. पुढे ४४ दात आणि मागे १८ ही सर्रास दिसणारी जोडी. पायडलचा एक पूर्ण फेरा मारला की सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. कसब्यापासून डेक्कनपर्यंत जायला, येताना मागे कोणी बसले असले तरी, हा एक गिअर पुरतो.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाची आवक आटली आणि इथे कारखाने उभे राहिले. १९४९ मध्ये मद्रासला टीआय, १९५१ मध्ये सोनिपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो; बंगालमध्ये आसनसोलजवळ सेन-रॅले. त्यांनी इंग्रजी आराखडाच पुढे चालवला आणि आपल्या गरजेप्रमाणे जाड केला. ओझे वाहणाऱ्यांसाठी डबल दांडीची फ्रेम केली, चिमट्याला आधाराच्या सळया दिल्या, भक्कम कॅरिअर बसवले. माझ्या मते या कारखान्यांचे खरे मोठेपण मापांत आहे. अ‍ॅटलसच्या चाकाला दुसऱ्या कंपनीचे फ्रीव्हील बसे. लुधियानाच्या लहान कारखान्यात झालेला कोन, एक्सल, कॉटर पिन, चेन कुठल्याही काळ्या सायकलला चाले. अण्णांच्या दुकानात लाकडी खणांत सुटे भाग असत. त्या खणांवर कंपनीचे नाव नसे, भागाचे नाव असे.

पुणे सायकलींचे शहर झाले ते या पायावर. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. तिथेच १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आले. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा रस्त्यावर येई. हुजूरपागा शाळेच्या मुली बिनदांडीच्या लेडीज सायकलवर येत, पोस्टमन येई, दूधवाला कासंड्या अडकवून येई. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे. रात्री दिवा नसेल तर पोलीस अडवी, डबलसीटलाही अडवी. आमच्या दुकानात सायकल तासावर मिळे. वहीत नाव, आकडा आणि वेळ लिहायची. पाय पुरत नसलेली पोरे दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकत आणि पडत. पडणारी ती पोरेच आमच्या सायकलींची परीक्षा घेत.

त्या परीक्षेतून अण्णा निवड करत. भाड्याच्या सायकलवर डौल वाढवणारे काही ठेवायचे नाही, हा त्यांचा नियम होता. पूर्ण चेनकव्हर त्यांनी काढून टाकले, कारण ते एकदा वाकले की चेनला घासत राहते आणि मागचे चाक काढताना अर्धा तास खाते. स्पोक नेहमी मागच्या चाकाचे तुटत, तेही बहुधा चेनच्या बाजूचे; म्हणून त्या बाजूचा ताण ते दर आठवड्याला बोटांनी तपासत. कॉटर पिन झिजली की पायडलला टकटक सुरू होते. ती ऐकू आली की सायकल बाहेर जायची नाही. पावसाळ्यात चिखल शिरला की फ्रीव्हीलमधले कुत्रे, म्हणजे चाकाला पकडणारे छोटे खटके, अडकून बसत. मग पायडल मारले तरी चाक हलत नसे, आणि गिऱ्हाईक सायकल ढकलत दुकानात येई. रॉकेल, थोडे पातळ तेल, आणि पाच मिनिटांत कुत्रे मोकळे.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. आमच्या दुकानाचा माळा तेवढा दिसत होता. पाणी उतरल्यावर सायकली एकमेकींत गुंतून चिखलात रुतलेल्या सापडल्या. मी तेव्हा शाळेत होते. कामाला मीही बसले. एकेक सायकल पूर्ण सोडवायची, प्रत्येक बेअरिंगमधला गाळ काढायचा, छर्रे धुऊन ग्रीस भरायचे, चेन रॉकेलमध्ये बुडवून ठेवायची. कातडी सीटे गेली, लाकडी खण गेले, वह्या गेल्या. सायकली मात्र एकामागून एक उभ्या राहिल्या, आणि ज्यांची घरे गेली होती अशा किती तरी लोकांनी त्यांवरून सामान वाहिले. अण्णांनी त्या दिवसांत भाडे घेतले नाही. त्या सायकली वाचल्या, कारण त्यांच्यात असा एकही भाग नव्हता जो पान्हा, हातोडी आणि रॉकेलच्या डब्यानिशी खोलून परत बसवता येत नाही. टिकाऊपणाचा अर्थ मला तेव्हा कळला आणि पुढे कधी बदलावासा वाटला नाही.

पुढे आकुर्डीहून स्कूटर आल्या, १९७२ मध्ये लुना आली, शहर लांब पसरले. भाड्याच्या सायकलींची दुकाने एकेक करून मिटली, आमचेही मिटले. २०१७ च्या अखेरीस पुण्यात मोबाइलवरून भाड्याने घ्यायच्या सायकली आल्या, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पण त्यांतल्या अनेक सायकलींना भरीव टायर होते, खास कुलपे होती, बाजारात न मिळणारे भाग होते. बिघडलेली सायकल कोपऱ्यावरचा मिस्त्री हातात घेऊ शकत नव्हता. दोनेक वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. अण्णांच्या वहीवर चाललेला धंदा पिढीभर टिकला तो या एका फरकामुळे, असे मी ठामपणे म्हणते. आणि ३ जून २०२० ला, जागतिक सायकल दिनीच, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना थांबला, ती बातमी वाचून मी दिवसभर अस्वस्थ होते.

आता फिक्सीकडे येऊ. धावपट्टीवरून ती पुन्हा रस्त्यावर आणली न्यूयॉर्कच्या सायकल कुरिअरांनी. कागदपत्रे एका इमारतीतून दुसरीत पोचवणारी ही माणसे दिवसभर गर्दीत सायकल चालवत. नेल्सन वेल्स हा त्यांच्यातलाच, ज्याने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्प्रिंटचे रौप्यपदक मिळवले. कुरिअरांना फिक्स चाक आवडले, कारण त्यात बिघडायला फारसे काही नाही. गिअरची वायर नाही, चेन इकडून तिकडे उडवणारे यंत्र नाही, अडकायला कुत्रेही नाहीत. पण धावपट्टीची अस्सल सायकल गुळगुळीत उतरत्या लाकडासाठी किंवा सिमेंटसाठी जन्मलेली असते. बालेवाडीच्या वेलोड्रोमवर ती शोभते. तिची फ्रेम ताठ, टायर बोटाएवढा, चिमट्यात मडगार्डला जागा नाही, ब्रेकला भोक नाही. ती लक्ष्मी रस्त्यावर आणली तर पहिल्याच पावसाळ्यात रिम वाकेल आणि मनगटेही दुखतील.

म्हणून मुलांना मी काळ्या सायकलकडून शिकायला सांगते. फ्रेम आणि चिमटा दोन्ही पोलादाचे घ्या. वाकले तर सरळ होते, तडकले तर वेल्डिंग होते. चिमट्यात निदान ३५ मिलिमीटर रुंद टायर आणि वर मडगार्ड बसेल एवढी जागा हवी. स्पोक ३२ च्या खाली नकोत, मागे ३६ असतील तर उत्तम. चेन एक अष्टमांश इंच रुंदीची घ्या, म्हणजे काळ्या सायकलची जुनी चेनही तिला चालते. मागचा एक्सल खाचेत मागे सरकवता आला पाहिजे, कारण फिक्स चाकाची चेन ढिली राहून उतरली तर चाक जागीच अडकते. चकतीवर उलट्या आट्यांची रिंग घट्ट असू द्या. पुढे खरा, हाताचा ब्रेक हवाच. पायांनी चाक रोखण्याची कला कितीही आली तरी आपल्या चौकात ती पुरत नाही. वळताना पायडल थांबवता येत नाही, त्यामुळे पायडलच्या दांड्या १६५ मिलिमीटरच्या घ्या, नाहीतर पायडल जमिनीला लागेल. मागच्या हबला दोन्हीकडे आटे असतील तर एका बाजूला बाजारातले साधे फ्रीव्हील लावता येते. कात्रजच्या उताराला जाण्याआधी चाक उलटे फिरवून बसवा. आणि गिअर? शोरूमची फिक्सी बहुधा ४६ आणि १६ दातांची असते, वेगासाठी. रोज सिग्नलला थांबून निघायचे असेल तर ४४ आणि १८ लावा. या शहराच्या चढांवर, ओझ्यासकट, तो आकडा लाखो गुडघ्यांनी तपासलेला आहे.

एवढे करून शेवटचा निर्णय माझा घेऊ नका. मनात भरलेली सायकल घेण्याआधी ती तुमच्या घराजवळच्या, झाडाखाली हवेचा पंप घेऊन बसणाऱ्या मिस्त्रीला दाखवा. हिचे चाक काढता येईल का, हिचा स्पोक आणि ट्यूब मिळते का, हिचे बेअरिंग उघडेल का, हे त्याला विचारा. तो हो म्हणाला तर ती घ्या, आणि दर पावसाळ्याआधी ऑइलिंगला त्याच्याकडेच द्या. शहरातला तो शेवटचा मिस्त्री उठून गेला तर जगातली सर्वांत भक्कम फ्रेमसुद्धा इथे दोन वर्षे टिकणार नाही. त्याच्या हाताला काम देत राहणे हा सायकल निवडण्याचाच भाग आहे.