नासास्थूलता : लेसर चिकित्सेचा इतिहास

रोझेशिया या त्वचेच्या दीर्घकालीन विकाराच्या प्रगत अवस्थेत काही रुग्णांच्या, विशेषतः प्रौढ व वृद्ध पुरुषांच्या, नाकावरील त्वचा जाड, लालसर व गाठाळ होते. त्वचेतील स्नेहग्रंथी व संयोजी ऊतक यांची अतिवृद्धी होऊन नाक बेढब दिसू लागते. या अवस्थेस नासास्थूलता (ऱ्हायनोफायमा) म्हणतात. ही संज्ञा ग्रीक असून ती व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फेर्डिनांट फोन हेब्रा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ केली. विकार मात्र जुना आहे. इटालियन चित्रकार दोमेनीको गिर्लांदायो यांच्या सु. १४९० मधील, पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातील वृद्ध व नातू यांच्या चित्रात असे नाक स्पष्ट दिसते.

पाश्चात्त्य देशांत असे नाक अतिमद्यपानाची खूण मानले जाई. मद्यामुळे चेहऱ्याची लाली तात्पुरती वाढते. तथापि मद्य न घेणाऱ्यांतही हा विकार आढळतो. त्यामुळे अनेक रुग्णांना विद्रूपतेबरोबरच अकारण दूषणही सोसावे लागले.

पूर्ण वाढलेले ऊतक औषधांनी ओसरत नाही. म्हणून ते पात्याने तासून काढीत. परंतु नाकाच्या त्वचेत रक्तवाहिन्या विपुल असल्याने रक्तस्राव होई आणि किती खोल कापावे, हे ठरविणे कठीण जाई.

ही अडचण कमी करणारे साधन भौतिकीतून मिळाले. १९६० मध्ये थीओडोर मेमन यांनी पहिला लेसर कार्यान्वित केला. बारामती येथे जन्मलेले व पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले चंद्रकुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डाय-ऑक्साइड लेसर विकसित केला. त्याचे १०,६०० नॅनोमीटर तरंगलांबीचे अवरक्त प्रारण पाण्यात तीव्रतेने शोषले जाते. त्यामुळे ऊतक थराथराने वाफ होऊन जाते व लहान रक्तवाहिन्या उष्णतेने बंद होतात. स्टॅन्ली शॅपशे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये नासास्थूलतेवरील या उपचाराचा प्रारंभिक अहवाल प्रसिद्ध केला. पुढे २,९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अर्बियम लेसरही वापरात आला. त्याने आजूबाजूच्या ऊतकास उष्णता कमी पोहोचते, पण रक्तस्रावही कमी प्रमाणात थांबतो.

लेसरनेही शस्त्रक्रियेचे मूळ पथ्य बदललेले नाही. स्नेहग्रंथींचा तळ शाबूत ठेवावा लागतो, कारण नवी त्वचा तेथूनच वाढते. अधिक खोल गेल्यास व्रण राहतो. वाफ झालेल्या ऊतकाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करता येत नाही. अशा वाढीत क्वचित कर्करोग दडलेला असतो. म्हणून शंका असल्यास नमुना आधीच घेतात. लेसरने नाकास आकार परत मिळतो; मूळ रोझेशिया बरा होत नाही, म्हणून त्यावरील उपचार चालूच ठेवावे लागतात.