किचनचा नळ ठिबकतोय? आधी तो किती फिरतो ते बघा

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. एका लिटरचे साधारण ४,००० थेंब धरले तर सुमारे साडेएकवीस लिटर, म्हणजे एक मोठी बादली. साताऱ्यातल्या खंडाळ्यात (धो-धो पावसाचं, लोणावळ्याजवळचं ते वेगळं!) उन्हाळ्यात ही बादली परवडत नाही.

नळाची मूठ दोन-तीन फेरे फिरते? मग आत रबरी वायसर आहे. पाव फेऱ्यातच अडते? मग सिरॅमिक डिस्कचं कार्ट्रिज. पाणी तोटीतून नाही, मुठीखालून येत असेल तर बहुतेक ओ-रिंग गेलीये.

टाकीचा वॉल्व्ह बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. सिंकच्या जाळीवर फडकं टाका, स्क्रू हमखास तिथेच पडतो. मूठ काढून पान्ह्याने स्पिंडल किंवा कार्ट्रिज सोडवा आणि प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो काढा, जोडताना क्रम कळतो. दुकानात मात्र फोटोवर भागत नाही. कार्ट्रिजची उंची आणि दाते वेगवेगळे असतात, जुना पार्टच घेऊन जा.

नवा वायसर टाकूनही ठिबकतोय? तो जिथे टेकतो त्या पितळी सीटवर बोट फिरवा. क्षार असेल तर व्हिनेगरने निघतो, खाच पडली असेल तर प्लंबरला बोलवा. नळ जोर लावून आवळू नका, त्याने नवा वायसरही चिरतो.