जावा मॉस (मत्स्यपेटीतील)

घरगुती मत्स्यपेटीत वाढवली जाणारी पाणहरिता. शास्त्रीय नाव टॅक्सिफायलम बार्बिएरी. मूळची आग्नेय आशियातली. हिला खरी मुळे नसतात. सूक्ष्म तंतूंनी ती दगड-लाकडाला धरते, पोषण पानांतूनच शोषते. म्हणून तळाला माती लागत नाही. झुपका दगडावर पातळ पसरून सुती दोऱ्याने बांधावा. जाड गोळा बांधल्यास आतला भाग उजेडाअभावी तपकिरी पडून कुजतो. दोरा विरेपर्यंत मॉसने दगड पकडलेला असतो.

छत्रपती संभाजीनगरात खरी अडचण उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांवर जातो आणि छोट्या पेटीतले पाणी झपाट्याने तापते. मॉसला 20 ते 26 अंश मानवतात, 30 च्या पुढे ती खंगते. पाण्यावर छोट्या पंख्याचा वारा सोडणे हा स्वस्त उपाय. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तो छान चालतो, पण पाणी रोज घटते. ती तूट बोअरच्या पाण्याने भरू नये. बेसॉल्ट खडकातले पाणी बहुधा जड असते आणि बाष्पीभवनाने क्षार साचत जातात. जायकवाडी धरणाचे नळाला येणारे पाणी दिवसभर उघडे ठेवून, क्लोरीन उडाल्यावर वापरावे. नळाला रोज पाणी न येणाऱ्या या शहरात साठवणीचे पाणी घरोघर असतेच. दिवा सहा-सात तास पुरे. जास्त उजेडात मॉसवर तंतुमय शेवाळ चढते, आणि ते सोडवताना मॉसही हाती येते.