नाचणीचं सत्त्व, लागर बिअर आणि माझा चुकलेला प्रश्न

खाद्यसंस्कृतीवर संशोधन-प्रस्ताव लिहिताय? मग माझी चूक आधी ऐका. भोर-वेल्ह्यावरच्या पहिल्या टिपणात मी ठोकून दिलं होतं, 'इथे माल्ट नाही, म्हणून बिअरही नाही.' मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं : 'मग नाचणीचं सत्त्व म्हणजे काय?'

आता बघा. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून दळायची. बार्लीच्या माल्टची मूळ कृतीही हीच. मोड येताना तयार होणारी विकरं पुढे पिष्टाची साखर करतात. वेल्ह्याच्या डोंगरउतारांवर नाचणी पिकते. माल्ट घरात आहेच, फक्त तो बाळाच्या वाटीत जातो. यीस्ट बेकरीचं घेतलं, तर लागर होईल? पेय आंबेल, पण लागर होणार नाही. तिचं यीस्ट साधारण ८ ते १३ अंशांना काम करतं, आणि नंतर पेय कित्येक आठवडे गोठणबिंदूच्या आसपास मुरवावं लागतं. युरोपातही त्यासाठी बर्फाची तळघरं लागत; कार्ल फॉन लिंडेची शीतयंत्रं १८७० च्या दशकात आली, तेव्हा ही अडचण सुटली. धान्याला पर्याय सापडतो, गारव्याला नाही. (प्रात्यक्षिक करू नका हं, परवान्याशिवाय घरी बिअर करणं आपल्याकडे गुन्हा आहे!)

पण अबकारीच्या कागदांत नाचणी का शोधावी लागते? १८७८ चा मुंबई अबकारी कायदा घ्या किंवा १८९२ चा मोहफुलांचा. सरकारची नजर मोह आणि ताडी-माडीवर. मोहाच्या फुलात साखर तयारच असते, मोड आणायची खटपट नाही. पोटाचं धान्य त्यासाठी कोण नासवेल, असा माझा तर्क. तो अजून तर्कच आहे. शिवाय भोर १९४८ पर्यंत संस्थान होतं आणि त्याचा सुधागड तालुका घाटाखाली, कुलाब्याच्या बाजूला. म्हणजे एकाच जिल्ह्याची दप्तरं चाळून भागत नाही.

त्यात १९४९ चा दारूबंदी कायदा. अनोळखी पोरानं वही काढून 'तुमच्याकडे दारू करायचे का?' विचारलं, तर कुठली आजी हो म्हणेल? मला तीन घरांतून चहा मिळाला, उत्तर नाही.

प्रश्नावलीतला तो शब्द मी खोडलाय. आता सुरुवात अशी : 'आजी, सत्त्वाच्या नाचणीला मोड किती दिवस आणता? आणि आंबील रात्रभर ठेवता, ती कशात?'