खातेवही आणि कारकून

बँकेत आपण खाते पाहायला गेलो, तर कारकून काही साऱ्या खातेवह्या पुढ्यात आणून टाकीत नाही. हवे तेवढेच पान दाखवतो. संगणकाच्या पडद्यावरच्या तक्त्याला ही रीत शिकायला बरीच वर्षे लागली.

१९९५ साली रासमुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी लोकांपुढे ठेवली, तेव्हा एक ओळ बदलली तरी सर्व्हरला सारे पान नव्याने रचून पाठवावे लागे. १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ ने पान जागेवर ठेवून नुसती माहिती मागवण्याची सोय केली. २००५ साली जेसी जेम्स गॅरेट यांनी ह्या पद्धतीचे ‘एजॅक्स’ असे बारसे केले. २००६ च्या पीएचपी ५.२ मध्ये जेसॉन रूपात उत्तर देण्याची सोयही आली.

आता तक्ता विचारतो : तिसरे पान, २५ ओळी, नावानुसार. पीएचपी पहिल्या ५० ओळी वगळून पुढच्या २५ आणते. सोबत एकूण ओळींचा आकडाही देते. त्यावरून पाने किती ते तक्त्याला कळते.

पण खरी गोम पुढेच आहे. ही मागणी परक्या हातची असते! शोधायचा शब्द २००५ पासून पीएचपीसोबत आलेल्या पीडीओने वेगळा बांधून देता येतो. क्रमाच्या स्तंभाचे नाव तसे बांधता येत नाही. ते आपल्या यादीशी ताडून पाहावे, नसेल तर सरळ नाकारावे. नाहीतर क्रम लावण्याच्या मिषाने चोर कोठारात शिरायचा! कारकून नम्र असावा. पण किल्ली त्याच्याच कनवटीला हवी.