समास कशासाठी सोडायचा?

नवी वही निघाली की वर्गात पहिली सूचना ठरलेली असते : समास आखा. कशासाठी, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारलेच, तर 'तपासताना खुणा करायला जागा हवी' असे सांगून आपण मोकळे होतो. या प्रश्नाचे अधिक जुने आणि आमच्या मते अधिक शास्त्रीय उत्तर मराठीत सतराव्या शतकातच लिहून ठेवलेले आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासाचे नाव 'लेखनक्रियानिरूपण' असे आहे. पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडून मजकूर मध्ये लिहावा, म्हणजे पुढे कागद कडेने झडला तरी अक्षराला धक्का लागत नाही, असे समर्थ रामदास तेथे बजावतात. (ग्रंथाच्या पोटविभागाला आणि कोऱ्या कडेला मराठीत एकच शब्द असावा, ही गंमत वेगळीच.)

या उपदेशाचा एक धागा धाराशिव जिल्ह्यातील परंड्याशी जुळतो. परंडा म्हटले की भुईकोट किल्ला आठवतो. मात्र याच तालुक्यात सीना नदीकाठी डोमगाव आहे, आणि तेथे समर्थांचे लेखनिक-शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ. त्यांच्या हातची म्हणून मानली गेलेली दासबोधाची प्रत 'डोमगावची प्रत' या नावाने ओळखली जाते. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९०५ साली दासबोध छापला तो याच प्रतीवरून. म्हणजे लिहून झाल्यावर सुमारे सव्वादोनशे-अडीचशे वर्षांनीही ती वाचता येत होती.

हे कसे साधले? पुष्कळसे श्रेय श्रद्धेने जपणाऱ्या हातांचे, यात शंका नाही. पण नुसत्या जपण्याने कागद टिकत नसतो. मुळात ती वस्तू टिकण्याजोगी बनवलेली असावी लागते. लेखनक्रियेचा तो समास या दृष्टीने वाचला, तर तो वही घरी कशी तयार करावी याचे टिपणच वाटतो. देशोदेशीचे बोरू निवडून आणणे, ते तोडणे, ओळी आखणे, हिंगूळ आणि अळित्याचा संग्रह, शाई वाळवून साठवणे, ग्रंथाच्या शेवटी येणारी इतिश्री तगटाने सजवणे, फळ्या घोटून त्यांवर चित्रे काढणे, आणि अखेर बासने, मेणकापड, पेट्या, कुलपे. रंग, तगट, चित्र आणि कागद एकत्र आणणारी ही कारागिरी शोभेसाठी होती, हे खरे. पण त्यातल्या बऱ्याच गोष्टींमागे पदार्थांची चांगली जाण आहे.

प्रथम कागद. दौलताबादजवळचा कागजीपुरा आणि जुन्नर ही हातकागदाची महाराष्ट्रातील प्रसिद्ध ठिकाणे. चिंध्या, जुने दोर, ताग असा माल चुन्याच्या पाण्यात भिजवून कुजवायचा, कुटून लगदा करायचा, हौदात कालवायचा आणि साच्यावर ताव उचलायचा. ओला ताव गुळगुळीत भिंतीवर चिकटवून वाळवला जाई. अशा कागदावर लगेच लिहिता येत नाही, शाई फुटते. धाग्यांमधील बारीक पोकळ्या केशाकर्षणाने शाई ओढून घेतात. म्हणून तावाला पिठाची खळ लावून त्या पोकळ्या बुजवायच्या आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने तो घोटायचा. याचा पडताळा वर्गात पाहता येतो. टिपकागदाच्या अर्ध्या भागाला तांदळाची दाट पेज लावून वाळवा, पेल्याच्या बुडाने घोटा आणि दोन्ही भागांवर बोरूने एकेक रेघ ओढा.

चुन्याचे काम केवळ माल कुजवण्यापुरते नव्हते. त्याचा जो अंश कागदात राही, त्याचे हवेतील कर्बवायूमुळे कॅल्शियम कार्बोनेट होई. कागद म्हणजे सेल्युलोज, म्हणजेच ग्लुकोजच्या हजारो घटकांची साखळी. आम्ल ही साखळी पाण्याच्या साहाय्याने तोडत जाते आणि कागद ठिसूळ होतो. कॅल्शियम कार्बोनेट ते आम्ल निष्प्रभ करते. युरोपात १८०७ मध्ये इलिगने खळीऐवजी राळ आणि तुरटी वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. कारखान्यांना ती सोयीची ठरली, पण तुरटी आम्लधर्मी. पुढे लाकडाचा लगदा आला आणि त्याच्यासोबत पिवळे पडणारे लिग्निन आले. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीचे छापील पुस्तक हातात तुकडे होऊन येते, तर त्याहून दुप्पट वयाचे बाड खुशाल दुमडता येते. नवे ते टिकाऊ, हा समज येथे पार उलटा पडतो.

शाईचेही तसेच. काजळ म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण. ते उन्हाने विटत नाहीत, आम्लाने नासत नाहीत. बाभळीचा डिंक त्यांना एकमेकांपासून अलग ठेवतो आणि कागदाला धरून ठेवतो. चुकीच्या अक्षरावर हरताळ, म्हणजे आर्सेनिकचे पिवळे सल्फाइड, फासत; आपला 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तेथूनच आला. हरताळ आणि हिंगूळ ही दोन्ही विषारी द्रव्ये आहेत. शाळेत ती मुळीच वापरू नयेत.

आणि समास? गठ्ठ्यात दडपलेल्या पानाच्या मधल्या भागाला हवा, उजेड आणि दमट-कोरड्या हवामानाचे फेरे कमी लागतात. ते सारे कडेला लागतात. बोटांचा घाम आणि तेल कडेलाच पोचते. शिवाय खळीतले पीठ कसरीला आवडते, आणि बरीचशी किडही कडेनेच आत शिरते. खळ लावण्याची किंमत अशी मोजावी लागत होती. वेखंड, कडुनिंबाचा पाला आणि मेणकापड हे तिच्यावरचे उपाय. सारांश, कागद आधी कडेने जाणार हे गृहीत धरून तेवढी कड त्यागासाठी राखून ठेवायची. आजच्या अभियंत्यालाही हा विचार परका वाटणार नाही.

तरीही एकच प्रत कितीही चांगली असली तरी आग आणि पूर तिला माफ करत नाहीत. रामदासी मठांत प्रती होत, त्या दुसऱ्या मठात जात, त्यांवरून पुन्हा प्रती होत. या देवघेवीत ग्रंथ वाचला, आणि चुकाही शिरल्या. ज्या दोन प्रतींत एकच चमत्कारिक चूक आढळते त्यांचे मूळ बहुधा एक असते. अशा खुणांवरून संशोधक प्रतींची वंशावळ मांडतात. सजीवांची वंशावळ मांडताना जीवशास्त्रज्ञ हीच युक्ती वापरतात.

परंड्याच्या काय किंवा कोणत्याही तालुक्यातील घरांत माळ्यावर अशी बाडे, मोडी कागद अजून निघतात. विद्यार्थ्यांनी असे काही आणले तर फाटक्या कडेला चिकटपट्टी लावू देऊ नये, लॅमिनेशन तर नकोच. पट्टीचा चिकट थर कागदात मुरून डाग पाडतो, आणि प्लास्टिकमधून जुना कागद पुन्हा सुखरूप सोडवणे फार अवघड. धूळ मऊ ब्रशने झटकावी, उन्हात न ठेवता छायाचित्र घ्यावे आणि स्वच्छ सुती कापडात गुंडाळून मालकाला परत द्यावे.

उपक्रमच करायचा असेल तर दोन शाळांनी मिळून करावा. रद्दीचा लगदा करून प्रत्येक गटाने आठ-दहा ताव काढावेत, पेज लावून घोटावेत, वही शिवावी, मुखपृष्ठ रंगीत कागदाच्या कपट्यांनी सजवावे. तिच्यात एक अनोळखी उतारा बोरूने लिहून वही दुसऱ्या शाळेकडे पाठवावी; त्यांनी तो आपल्या वहीत उतरवून पुढच्या गटाकडे द्यावा. पाचव्या प्रतीनंतर सर्व वह्या शेजारी मांडाव्यात आणि कोणती चूक कोठे शिरली हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. प्रतींचा क्रम मात्र त्यांना आधी सांगू नये.